आर्टिस्ट व्हिलेजमधलं घर: घेण्याआधी चौक बघा

नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे. मुंबई महानगरात जमिनीवरचं, स्वतंत्र भिंतींचं, स्वतःचं अंगण असलेलं आणि तरीही मध्यमवर्गाला परवडावं म्हणून आखलेलं घर बघायचं असेल, तर याच्या तोडीची दुसरी वस्ती क्वचितच सापडेल. १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, चार्ल्स कोरिया यांनी ती आखली. १९६० च्या दशकात प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत नवी मुंबईची कल्पना मांडणारे, आणि पुढे सिडकोचे मुख्य वास्तुविशारद झालेले, तेच हे कोरिया. जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ही वस्ती नकाशावरून पाठ असते. पण इथे घर विकत किंवा भाड्याने घेणाऱ्याला नकाशापेक्षा ओल, गटार, पार्किंग आणि कागदपत्रं यांची माहिती जास्त लागते. हे परीक्षण त्याच्यासाठी आहे.

आधी रचना समजून घ्या, कारण इथल्या घराचे गुण आणि दोष दोन्ही तिच्यातूनच येतात. सात घरांचा एक पुंजका, आणि त्यांच्या मधोमध साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचा चौक. असे तीन पुंजके, म्हणजे एकवीस घरं, मिळून १२ बाय १२ मीटरची मोठी मोकळी जागा. तसे गट एकत्र येऊन त्याहून मोठं मैदान. वस्तीतून एक ओढाही वाहतो. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे साधारण ४८५ ते ८०७ चौरस फुटांचे. कमी उत्पन्नाच्या आणि जास्त उत्पन्नाच्या कुटुंबांच्या भूखंडात फार तफावत ठेवायची नाही, हा त्यामागचा विचार. जेमतेम सहा हेक्टरांत सुमारे साडेपाचशे कुटुंबं, म्हणजे हेक्टरी पाचशे माणसं, आणि तीही एकही टॉवर न उभारता.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरं एकमेकांना चिकटलेली नव्हती. दोन घरांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे कुटुंब वाढलं की शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं, अशी योजना होती. अपवाद एकच, संडासांचा. नळ आणि सांडपाण्याचा खर्च वाचावा म्हणून दोन घरांचे संडास पाठीला पाठ लावून बांधले. मूळ घरं विटांची, उतरत्या कौलारू छपराची, गावच्या गवंड्याला बांधता येतील अशी साधी होती.

घर वाढवता यावं ही योजना फार मनावर घेतली गेली. आज कौलारू मूळ घरं थोडी उरली आहेत. बाकीच्या जागी आरसीसीचे दुमजली-तिमजली बंगले आहेत, आणि मधल्या फटी बऱ्याच ठिकाणी भरून गेल्या आहेत. त्यामुळे ‘आर्टिस्ट व्हिलेजमधलं घर’ म्हणून एजंट जे दाखवतो ते तीनपैकी एक असतं: मूळ कौलारू घर, मूळ घरावर चढवलेला मजला, किंवा पाडून नव्याने बांधलेला बंगला. तिन्ही बघण्याची रीत वेगळी. मात्र दाराच्या आत पाऊल टाकण्याआधी चौकात उभं राहायचं, हे तिन्हींना लागू.

चौकाचा हिशेब सोपा आहे. ८ बाय ८ म्हणजे ६४ चौरस मीटर. एक लहान गाडी, दारं उघडायची आणि वळवायची जागा धरून, सहज १२ चौरस मीटर खाते. सात घरांपैकी तीन घरांनी गाडी आत आणली की अर्ध्याहून जास्त चौक गेला. पाच गाड्या आल्या की उरते ती फक्त वाट. म्हणून हे घर दुपारी बारा वाजता बघून उपयोग नाही, तेव्हा गाड्या कामावर गेलेल्या असतात आणि चौक छान दिसतो. रात्री साडेनऊला पुन्हा जा. चौकात मुलं खेळताहेत, कुणी खुर्ची टाकून बसलंय, तुळस आणि चार कुंड्या आहेत, तर तो चौक जिवंत आहे. बंपरला बंपर लावलेला दिसला, तर तुम्ही अंगणाचे पैसे देऊन पार्किंगमध्ये घर घेताय. आमच्या मते, घर थोडं पडकं असलं तरी चालेल, पण चौक मोकळा हवा. घर दुरुस्त करता येतं, सात घरांची सवय दुरुस्त होत नाही.

चौकात उभं असतानाच खाली बघा. दर काही वर्षांनी जुन्या फरशीवर नवे पेव्हर ब्लॉक बसवले जातात. जुने न काढता बसवले की चौक दोन-अडीच इंच वर येतो आणि घराचं जोतं तितकंच खाली जातं. चार-पाचदा असं झालं की एकेकाळी दीड फूट उंच असलेलं जोतं एका पायरीवर येऊन टेकतं. टेप लावून मोजा: चौकाच्या पातळीपासून आतल्या लादीपर्यंत ४५ सेंटिमीटर असेल तर उत्तम, ३० असेल तर बरं, आणि १५ च्या खाली असेल तर जुलैत पाणी उंबऱ्याशी येणार हे धरून चाला. दाराबाहेर अलीकडे बांधलेला उंच सिमेंटचा उंबरा दिसला तर समजा, पाणी आत येऊन गेलंय. मालक काहीही सांगो, तो उंबरा खरं सांगतो.

मग घरामागे आणि बाजूला जा, फटीकडे. घर आणि शेजारघर यांच्यात मूळची जी मोकळी जागा होती ती दोन्ही बाजूंनी वाढत-वाढत पुष्कळ ठिकाणी वीतभर उरली आहे. त्या वीतभर जागेत गवंड्याचा हात जात नाही, म्हणून दोन्ही भिंतींना बाहेरून गिलावाच नसतो. नुसती वीट चार महिने पाऊस पिते. मुंबई परिसरात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला जेवढा त्या फटीत उतरतो त्याला बाहेर पडायला वाट नसते. आतल्या खोलीत पोपडे येतात, पांढरा क्षार फुटतो, कपाटाच्या मागे बुरशी धरते. मालक दर दिवाळीला पुट्टी मारून रंग देतो, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तोच नकाशा भिंतीवर पुन्हा उमटतो.

याला इलाज आहे, पण तो आतून नाही. फटीच्या माथ्यावर गॅल्व्हनाइझ्ड पत्र्याची टोपी बसवायची. दोन्ही भिंतींत इंचभर खोल खाच मारून पत्र्याची कड आत घालायची, वरून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने खाच भरायची, आणि पत्र्याला समोरच्या बाजूने उतार द्यायचा. भिंतींची उंची वेगळी असेल तर उंच भिंतीत खाच आणि बुटक्या भिंतीवर पत्र्याची झालर. फटीच्या तळाशी सिमेंटचा उतार करून पाणी चौकाच्या गटाराकडे काढायचं, आणि उंदरांसाठी तोंडाला जाळी. खाच न मारता नुसतं सिलिकॉन फासून पत्रा चिकटवला तर तो एका पावसात सुटतो. हे काम दोन घरांचं आहे, एकाने करून पूर्ण होत नाही. तेव्हा शेजारी कोण आहे आणि तो तयार आहे का, हे व्यवहाराआधी विचारून ठेवा.

मूळ कौलारू घर मिळत असेल तर भाग्य समजा, पण डोळे उघडे ठेवून. पोटमाळ्यावर किंवा शिडीवर चढून दिवसा छताकडे बघा, दिवा बंद करून. उजेडाचा ठिपका दिसला तर तिथलं कौल फुटलंय किंवा सरकलंय, त्याची फार चिंता नको. चिंता वाशांची. स्क्रू ड्रायव्हरचं टोक वाशाच्या भिंतीत बसणाऱ्या टोकाशी दाबा. तिथे ओल मुरते आणि वाळवी तिथूनच चढते. टोक अर्धा इंच आत गेलं तर तो वासा बदलायचा. रीपा वाकल्या असतील तर कौलांच्या ओळी खालून लाटेसारख्या दिसतात. फॉल्स सीलिंग केलेलं असेल तर एक तरी पॅनल उघडून दाखवा असा आग्रह धरा. कौलाखाली सीलिंग म्हणजे गळती झाकायची सगळ्यात सोपी सोय.

मंगलोरी कौलं चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात. पन्नास-साठ कौलं जास्तीची घेऊन ठेवावीत, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो, तो बघून जुन्या सामानाच्या दुकानातून तशीच कौलं मिळवायची. दरवर्षी मे महिन्यात घर शाकारून घ्यावं लागतं: फुटकी बदलायची, सरकलेली नीट बसवायची, आढ्यावरचे कोने पुन्हा चुन्या-सिमेंटात पक्के करायचे, पन्हळीतला पाला काढायचा. दोन माणसांचं एक-दोन दिवसांचं काम. कौलांवर चालणं येणारा माणूस नवी मुंबईत सहज मिळत नाही, आणि रंगाऱ्याला वर चढवलं तर तो दहा कौलं दुरुस्त करताना वीस फोडतो. कोकणातला किंवा पनवेल-पेणकडचा कौलारू घरांची कामं करणारा माणूस धरून ठेवा. त्या बदल्यात मिळतं काय? भर मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. कौलाखाली फटींतून वारा खेळतो आणि दिवेलागणीनंतर घर निवत जातं.

दुसरा प्रकार, म्हणजे मूळ घरावर चढवलेला मजला, सगळ्यात जास्त जपून बघावा. मूळ भिंती भार पेलणाऱ्या, नऊ इंची विटांच्या, आणि पाया एका हलक्या छपराच्या घराच्या बेताचा. त्यावर स्लॅब, वर पुन्हा भिंती, वर पाण्याची टाकी. हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते, आणि ती बऱ्याचदा साडेचार इंची भिंतीवर बसवलेली आढळते. खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या निघालेल्या भेगा शोधा. केसाएवढी भेग गिलाव्याची असते. ज्या भेगेत दहा रुपयांचं नाणं उभं जातं आणि जी विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढते, ती भिंतीची. ती थांबली आहे की वाढते आहे हे कळण्यासाठी जुनी रीत आहे: भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवायची आणि तारीख लिहायची. भिंत हलली की काच तडकते. सौदा एका आठवड्यात उरकायची घाई असेल तर हे जमत नाही. पण या प्रकारच्या घरात अशी घाई करूच नये.

नवा आरसीसी बंगला असेल तर ‘नवा’ म्हणजे किती जुना ते विचारा. इथले पहिले बंगले तीस वर्षांच्या पुढे गेले असतील, आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. तो अहवाल मागा. खाडी जवळ आहे, हवा खारट आहे. सळ्यांवर काँक्रीटचं आवरण कमी पडलं असेल तर गंज लवकर लागतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. छज्जांच्या खालच्या बाजूला आणि जिन्याच्या खाली लहान हातोडीने हळूच ठोकत जा. टणक आवाज ठीक. पोकळ, ढब्ब आवाज आला तर आत सळी सुटलेली आहे.

गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर तिला परवानगी आहे का ते बघा, आणि शेड का घातली तेही विचारा. बहुतेकदा उत्तर एकच असतं, स्लॅब गळत होता. शेड नसेल तर गच्चीची तोंडं बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवून खालचं छत बघता येतं. मालक नको म्हणाला तर त्यातून काय समजायचं ते समजा.

आता संडास. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण इथली भांडणं बघितली तर निम्मी याच्यावरून असतात. मूळ रचनेत दोन घरांचे संडास पाठीला पाठ, आणि सांडपाणी एका चेंबरला. नव्या बांधकामात एकाने संडास हलवला असेल तर जुनी नळी तशीच सोडलेली असू शकते. तपासायची रीत अशी: शेजाऱ्याला सांगून चेंबरचं झाकण उघडायचं. तुमच्या संडासात एक बादली निळीचं पाणी ओतायचं, शेजाऱ्याकडे हळदीचं. दोन्ही रंग कुठल्या चेंबरला, किती वेळात येतात ते बघायचं. अर्ध्या मिनिटात आलं तर वाहिनी मोकळी. दोन मिनिटांनी, थांबत-थांबत आलं तर आत गाळ किंवा झाडाची मुळं. आलंच नाही तर ते जमिनीत मुरतंय, आणि मघाची खोलीतली ओल पावसाची नसून याची असू शकते. चेंबर चौकातल्या कुणाच्या गाडीखाली आहे का, हेही तेव्हाच कळतं. रविवारी संडास तुंबल्यावर ज्याची गाडी आहे तो गावाला गेलेला असतो, ही इथली नेहमीची अडचण.

पाणी नवी मुंबई महापालिकेचं, मोरबे धरणातून येणारं, आणि शहराच्या मानाने पुरवठा चांगला. चार माणसांना दिवसाला साडेपाचशे लिटर धरले तर हजार लिटरचा साठा पुरतो. वीज महावितरणची. जुन्या घरांत वायरिंग मूळचं असेल तर पूर्ण बदलायच्या तयारीनेच घ्या, आणि ओलसर भिंती असलेल्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय राहायला जाऊ नका. यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

कागदपत्रांकडे वळू. जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याची, मूळ मुदत ६० वर्षं. तेव्हा विकणारा ‘मालक’ म्हणत असला तरी तो बहुधा पट्टेदार आहे. मूळ वाटपपत्र, पट्ट्याचा करार, आणि मूळ वाटपदारापासून आजच्या विकणाऱ्यापर्यंत प्रत्येक हस्तांतराचा सिडकोचा आदेश, ही साखळी सलग हवी. मधली एखादी विक्री नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेली असेल तर तिथे थांबा. सिडकोचं हस्तांतर शुल्क कोण भरणार ते करारात लिहून घ्या. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर एकमेकांशेजारी ठेवून मोजा: नकाशात तळमजला आणि प्रत्यक्षात तीन मजले, असं इथे आढळतं. बँक कर्ज देताना फक्त मंजूर बांधकाम धरते, आणि अनधिकृत मजल्यावर महापालिकेची नोटीस कधीही येऊ शकते. मालमत्ता कर तीन मजल्यांचा भरलाय म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, एजंटने कितीही पावत्या दाखवल्या तरी.

परिसराला मात्र पूर्ण गुण द्यावे लागतात. डोंगर पाठीशी, झाडी भरपूर, चौकाच्या आत वाहनांचा आवाज येत नाही. बेलापूर स्टेशन साधारण दोन किलोमीटर, रिक्षा आणि एनएमएमटीच्या बस आहेत. हार्बर मार्गाने सीएसएमटी तासाभरापेक्षा थोडं जास्त. उरणची लोकल जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत जाते, आणि बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे, त्यामुळे खारघर-तळोज्याला नोकरी असेल तर आता सोयीचं झालंय. कोकण भवन, सिडको भवन, महापालिकेचं मुख्यालय हे सगळं बेलापुरातच, म्हणजे वरच्या कागदपत्रांसाठी लांब जावं लागत नाही. ताजी मासळी दिवाळे गावच्या कोळीवाड्यात.

पावसाळ्याचं एक वेगळं सांगायला हवं. पारसिकच्या उतारावरून धबधबे सुटतात आणि शनिवार-रविवारी बाहेरून गर्दी लोटते. वस्तीतले रस्ते अरुंद, त्यामुळे त्या दिवशी पाहुणे बोलवायचे असतील तर सकाळी लवकर बोलवा. डोंगराच्या पाण्याला जोर असतो आणि तासाभरात ओढा फुगतो. ओढ्यालगतचं घर बघत असाल तर भिंतीवरच्या जुन्या पाण्याच्या रेषा शोधा आणि शेजारच्या दोन घरांत स्वतंत्रपणे विचारा की पाणी कुठवर आलं होतं. दोघांची उत्तरं जुळली तर विश्वास ठेवा. उताराच्या अगदी कडेला, वर कापलेली उघडी माती किंवा दगड दिसत असेल, तर ते घर आम्ही सुचवणार नाही, किंमत कितीही कमी असो.

कुणासाठी योग्य? लहान मुलं किंवा वयस्क आई-वडील असलेल्या, एका गाडीत भागणाऱ्या, आणि शेजाऱ्यांशी बोलून कामं करायची तयारी असलेल्या कुटुंबासाठी. तळमजल्यावर एक खोली आणि संडास असलेलं घर वयस्कांना फार सोयीचं पडतं, लिफ्ट बंद पडायची धास्ती नाही. दोन मोठ्या गाड्या असतील आणि दारात लावायच्याच असतील तर सेक्टरमधली एखादी सोसायटी बघा, इथे तुम्हालाही त्रास आणि बाकीच्या सहा घरांनाही. भाड्याने राहणाऱ्यांनी करार मे महिन्यात न करता जुलैत करावा. सलग तीन दिवस पाऊस झाल्यावर दुपारी जाऊन भिंतींना हात लावून बघावा, खासकरून फटीकडच्या खोलीत, कपाट पुढे ओढून.